बाराच्या आतली तारीख

आमच्या सिंदीतल्या दुकानात पुढे वह्या-पेन्सिली आणि मागे, पडद्याआड, कॉम्प्युटर. तो नव्व्याण्णव साली घेतलेला. त्यावर मी लोकांच्या जन्मपत्रिका काढून द्यायचे. माझा स्वतःचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. पण लग्न जुळवायचं म्हटलं की ती लागतेच, आणि छापील पत्रिका देणारी गावात मी एकटी, त्यामुळे मी जरा भाव खाऊनच असायचे.

पाच वर्षांनी रंगीत पत्रिकांची नवी सीडी निघाली. ती फक्त नव्या विंडोज एक्सपीवर चालायची आणि माझ्याकडे होती अठ्ठ्याण्णवची विंडोज. नागपूरच्या ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं की या जुन्या डब्यावर एक्सपी चालणार नाही, चढवलीच तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. मला कोणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी मेमरीची एक जास्तीची पट्टी मिळवून बसवली आणि होळीनंतरच्या रविवारी सकाळी एक्सपीची सीडी घातली. तिनं नाना प्रश्न विचारले. देश कोणता, भाषा कोणती, तारीख कशी लिहायची. मी एकही न वाचता पुढे, पुढे करत गेले. दुपारी चारला एक्सपी सुरू झाली. मशीनचा आवाज कायमचा गेला, एक पत्रिका उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, पण चालली. सासऱ्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं. मी आठवडाभर गल्लीत मिरवत होते.

उन्हाळ्यात धाकट्या नणंदेसाठी केळझरचं स्थळ आलं. आधी पाहून गेलेल्या तीन मुलांच्या नकला करून तिनं आम्हाला पोट दुखेपर्यंत हसवलं होतं. या मुलाची नक्कल तिनं केली नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, हा मला चालेल. तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

दोघांच्या जन्मतारखा मीच टाकल्या. पहिल्या पानावर रंगीत गणपती आणि शेवटच्या पानावर निकाल, दोघांचीही आद्य नाडी. नाडी एक असली की होणारं मूल जगत नाही, असं आमच्या घरात मानतात. सासरे मधली पानं उलटून थेट शेवटच्या पानावर गेले आणि त्यांनी कागद खाली ठेवला. मी म्हटलं, बाबा, एवढं काय मनावर घेता, शेवटी मशीनच ते.

"म्हनूनच तं," ते म्हणाले. "मशीन का कोनाची सोयरी आहे का?"

त्यांनी केळझरला नकार कळवला. नणंदेच्या नकला थांबल्या, घरातलं हसणं बंद झालं.

महिन्याभरात त्याच मुलाचे काका सेलूच्या एका मुलीची जन्मतारीख घेऊन दुकानात आले. आमच्यात वाकडं काही नव्हतं, नाडीपुढे कोणाचं चालतं? मी पत्रिका काढली. सत्तावीस गुण, दोष नाही. काका खूश होऊन गेले. सेलूच्या त्या मुलीशी साक्षगंध झालं आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. सिंदीत हा दिवस कोणी विसरत नाही, आणि माझ्या नणंदेचा जन्मही त्याच दिवशीचा. त्या सकाळी ती आपली पत्रिका घेऊन पडद्यामागे आली.

"वयनी, मी तान्ह्या पोळ्याची आहो. मंग हे जेष्ठ कुठून आनलं तुमी?"

कागदावर तारीख बरोबर होती, सात-नऊ. खाली तिथी मात्र ज्येष्ठ वद्य चतुर्दशी. मी मशीनमधलं तारखेचं सेटिंग उघडून बघितलं. नव्या विंडोजला मी देश सांगितलाच नव्हता, म्हणून तिनं अमेरिका धरली होती, आणि तिकडे महिना आधी लिहितात. सात सप्टेंबरचा तिनं नऊ जुलै केला होता. पंचवीस तारखेचं माणूस आलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून तिथे ती निमूट बरोबर समजून घ्यायची. तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या पत्रिका बरोबर होत्या. बाराच्या आत जन्मलेले तेवढे भलत्याच महिन्यात जाऊन पडत होते, आणि मधली पानं कोणी वाचतच नव्हतं.

मी तारखेचं ठीक केलं आणि नणंदेची पत्रिका पुन्हा काढली. मध्य नाडी. केळझरच्या मुलाची तारीख बारानंतरची, त्याची आद्यच राहिली; त्याच्याशी दोष कसलाच नाही. सासऱ्यांनी या वेळी सगळी पानं वाचली आणि आत जाऊन पडले. मला रडू आलं. मी न वाचलेल्या एका प्रश्नापायी माझ्याच घरातल्या मुलीचं लग्न मोडलं होतं.

तेवढ्यात माझ्या मनात आलं, सेलूच्या मुलीची तारीख काय होती? तीही बाराच्या आतली. मी ती टाकली. खऱ्या तारखेनं तिची नाडी आद्य निघाली, म्हणजे त्या मुलाचीच. हा कागद केळझरला गेला की काका साक्षगंध मोडणार आणि आमची वाट मोकळी होणार, हे मला लख्ख दिसलं. मी खोटं काहीच करत नव्हते. उलट खरी पत्रिका देणं माझं कामच होतं. मी नणंदेला तसं सांगितलं आणि प्रिंटर सुरू केला.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. तिला तो अजूनही हवा होता, चेहऱ्यावर ते लपत नव्हतं. मग तिनं माझा हात माउसवरून बाजूला केला.

"वयनी, मले कागदानं नाई म्हटलं. आता तिलेबी कागदानंच नाई म्हनाचं का?"

मी चिडले. तुझ्याच भल्यासाठी करतेय, असं काहीबाही बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि बाहेर पोरांचे बैल बघायला गेली.

पुढच्या पंधरा दिवसांत मी होळीपासूनच्या सगळ्या पत्रिका तपासल्या. बाराच्या आतल्या एकेकाला बोलावून चूक कबूल केली, बोलणी खाल्ली, नव्या पत्रिका दिल्या. सेलूची तेवढी दिली नाही.