उजवीकडचे दोन सांधे

ग्रिलवालीनं सख्ख्या दिराला मारायला त्याच्या गाडीत पिंजरा बसवला, अशी कुजबुज एके काळी त्या गल्लीत होती. समोरच्या टायरवाल्यानं तिच्यात हवा भरली आणि गल्लीनं ती गरगरत पुढे नेली. न्हाव्याकडे पोहोचेपर्यंत पिंजऱ्याचे पाइप आतून पोखरलेले झाले होते, आणि शिंपिणीच्या दारात येईस्तोवर तर दिराची मान मोडूनसुद्धा झाली होती. दीर तेव्हा शिंपिणीच्याच दारात पँट आखूड करून घ्यायला उभा होता, पण त्याची अडचण कोणालाच वाटली नाही.

ही ग्रिलवाली लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या हातात आधी रंगाचा ब्रश आला. सासरे खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे बनवायचे आणि सून त्यांना तांबडा रंग मारायची. नवऱ्याला ठिणग्यांची भीती. वेल्डरच्या घरात जन्मून! तो मापं घ्यायचा, माल पोचवायचा आणि ठिणगी उडाली की दाराबाहेर जाऊन आकाशाकडे बघत बसायचा. धाकटा दीर धीट होता, पण त्याचं कुठलंही काम संपायच्या आधीच संपलेलं असायचं. सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं, आणि वेल्डिंगचा होल्डर सुनेच्या हातात दिला. त्या दिवसापासून वहिनी आणि दीर यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य.

दिराला गल्ली 'भरधाव' म्हणायची. गावाबाहेरच्या मातीच्या मैदानावर रविवारी जुन्या गाड्यांच्या शर्यती होत, त्यात तो उतरायचा. आठवडाभर त्याच शर्यतीबद्दल बोलायचा आणि उरलेल्या वेळात शेडमध्ये वहिनीला मदत करायचा. या मदतीतूनच टाकीच्या स्टँडचं प्रकरण झालं. एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीसाठी चार पायांचा स्टँड, तीन पाय ग्रिलवालीनं जोडले, चौथा भरधावनं. महिनाभरात चौथा पाय सुटला, टाकी आडवी झाली आणि पाणी तीन मजले जिन्यानं उतरून तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या गादीत शिरलं. गिऱ्हाईक शेडच्या दारात येऊन ओरडू लागलं, तेव्हा ग्रिलवाली तोंड उघडणार तोच भरधाव पुढे झाला. अगदी समजूतदारपणे म्हणाला, "जाऊ द्या, वहिनींचा हात अजून बसलेला नाही."

वहिनीला तेव्हा होल्डर धरून अकरा वर्षं झाली होती.

त्यानंतर दोघं बोलायची ती 'अहो-जाहो' करून. भांडण 'तू'वर आलं की कधीतरी मिटतं, 'तुम्ही'वरच राहिलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. हे टिकलं. गल्लीतल्या दोघा-तिघांनी आपली फाटकं दुसरीकडून करून घेतली, आणि येता-जाता तिच्याकडे बघून 'बसला का हात?' असं विचारण्याचा टायरवाल्याला छंदच लागला.

आणि अशात भरधावची गाडी मैदानावर नापास झाली. शर्यतीच्या गाडीत आतून पाइपांचा पिंजरा लागतो, म्हणजे गाडी उलटली तरी छत डोक्यावर येत नाही. भरधावनं नळाचे पाइप नटबोल्टांनी जोडून काहीतरी उभं केलं होतं. मैदानावरच्या म्हाताऱ्या तपासनीसानं त्यावर हातोडी एकदा ठोकली, आवाज ऐकला आणि यावर बागेत वेल छान चढेल असं सांगून गाडी परत पाठवली. पुढची मोठी शर्यत तीन आठवड्यांवर होती.

सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. बाहेरच्या खोलीत त्यांचा धाकटा लाडका होता. स्वयंपाकघरात मात्र त्यांना कोणाचं काम कसं आहे ते नीट ठाऊक होतं. दार लोटून घेऊन त्या म्हणाल्या, "तुझ्या हातचा असला तरच मला झोप लागेल." सुनेनं विचारलं, हेच चारचौघांत सांगाल का. सासूबाईंनी भांडी आवरायला घेतली.

तरीही तिनं काम घेतलं. दिरावर दया येऊन नव्हे. त्याच्याबद्दल तिच्या मनात जे होतं ते लिहिलं तर कागद जळेल. पण त्या मैदानावर शे-दोनशे माणसं गाडीत डोकं घालून तो पिंजरा बघणार होती, आणि त्यातली निम्मी लोखंडात हात काळे केलेली. टाकीच्या पाण्यात वाहून गेलेलं नाव परत आणायचं तर यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. तिनं एकच अट घातली. मी झालं म्हणेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही.

"माझ्याच गाडीला?" भरधाव म्हणाला.

"तुमच्याच."

माप घ्यायला तो सीटवर बसला तो दात उपटायला आल्यासारखा. हेल्मेटच्या वर किती जागा राहते ते तिला बघायचं होतं. तिनं डोकं सरळ ठेवायला सांगितलं, तो म्हणाला सरळच आहे, ती म्हणाली मग हेल्मेटच वाकडं असेल. नवरा टेप धरून उभा होता. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला आणि तेवढ्यावर त्या दिवसाचं संभाषण संपलं.

काम मात्र बघण्यासारखं चाललं. तिनं बिनजोडाचा जाड पाइप आणला, पोटात कोरडी वाळू ठासून तो वाकवला, म्हणजे वळणावर चुरगळत नाही. सीटच्या मागं एक मोठी कमान, पुढं काचेच्या कडेनं दोन पाय, आणि वर छताला लागून त्यांना जोडणारे दांडे. दांड्यांची टोकं तिनं माशाच्या तोंडासारखी खोलगट कापली आणि गोल पाइपवर ती अशी घासून बसवली की मध्ये पत्त्याच्या पानाएवढीही फट राहू नये. दोन दिवस फक्त कानसच चालली होती. समोरून टायरवाला विचारायचा, दागिना घडवताय की काय. ती मान वर करायची नाही. सगळं जागच्या जागी बसल्यावर तिनं चारी कोपऱ्यांत वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारले.

आता खरी मेख पुढे होती. छताला लागून चार सांधे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. सांधा चोहोबाजूंनी जोडला तर जोडला. पण वरची बाजू छताला चिकटलेली, तिथं वेल्डिंगचा रॉड शिरणार कुठून? आळशी माणूस दिसतं तेवढं खालून जोडतो, रंग मारतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. ग्रिलवालीनं गाडी ठोकळ्यांवर चढवली, पिंजऱ्याच्या चार पायांखाली गाडीच्या तळाला चार भोकं पाडली आणि नुसत्या टाक्यांनी जुळलेला अख्खा पिंजरा वीतभर खाली सोडून पाय विटांवर टेकवले. आता छत आणि पाइप यांच्यात हात जात होता. वरची शिवण पुरी करायची, पिंजरा पुन्हा वर उचलायचा, भोकांवर जाड पत्रे ठोकून त्यांवर पाय जोडायचे, की झालं.

डावीकडचे दोन सांधे तिनं आधी घेतले. उजवी बाजू चालवणाऱ्याच्या डोक्याची. ती तिनं हात तापल्यावर करायला मागं ठेवली. डावीकडचं आटोपलं, उजवीकडच्या सांध्यांची खालची बाजू झाली आणि वीज गेली. नुसतं बसून राहण्यापेक्षा म्हणून ती नवऱ्याबरोबर एका गिऱ्हाइकाचं फाटक बसवायला गेली.

वीज तासाभरात आली. वीज यायच्या आतच टायरवाल्यानं भरधावला निरोप धाडला होता. टायरवाला दिवसभर जमिनीलगत बसणारा माणूस, गाडीचा तळ त्याच्या डोळ्यांसमोरच. त्यानं चार भोकं पाहिली, त्यातून खाली आलेले पाय पाहिले, विटा पाहिल्या आणि त्याला सगळा कट समजला. भरधाव आला, वाकला, त्याचं डोकं फिरलं. त्यानं जॅक लावून पिंजरा वर छतापर्यंत दाबला, बाजूला कापून ठेवलेले पत्रे भोकांवर ठोकले, स्वतः पाय जोडले आणि गाडी शेडमधून काढून आपल्या दारात नेऊन लावली. जाताना टायरवाल्याशी हातही मिळवला.

ग्रिलवाली परत आली तर शेड रिकामं. दिराचं घर दोन दारं सोडून होतं. ती गेली, गाडीत डोकं घालून वर पाहिलं, खाली पाहिलं आणि दार वाजवलं. आतून दीर, सासूबाई आणि सासूबाईंच्या मागून गल्लीतले चार कान बाहेर आले.

तिनं शांतपणे सांगितलं की उजवीकडचे दोन सांधे अर्धेच झालेत, पाय कापून पिंजरा परत खाली घ्यावा लागेल, एका दिवसाचं काम आहे.

"बाहेरून तर जोडलेले दिसतायत," भरधाव म्हणाला.

"दिसतंय तेवढंच जोडलंय, भाऊजी."

"तळाला भोकं पाडून मला रस्त्यावर ओतायचं होतं ना तुम्हाला? मी आंधळा नाही. आता माझ्या वेल्डिंगला हात लावायचा नाही."

नवरा म्हणाला, जाऊ दे. सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात राहू दे. स्वयंपाकघरातली झोपेची गोष्ट त्यांना त्या क्षणी आठवली असेल तर चेहऱ्यावर दिसली नाही. दार लागलं.

शर्यत दोन दिवसांवर होती. या दोन दिवसांत ग्रिलवालीला सगळ्यात मोहाचा मार्ग होता तो गप्प बसण्याचा. डावी बाजू अव्वल होती, उजवी अव्वल दिसत होती, पिंजरा ऐटीत पास झाला असता आणि निम्म्या मैदानानं विचारलं असतं, कोणी केला हो हा. गाडी उलटली नाही तर तिचं नाव कायमचं वर. उलटली तर दिराची कवटी. त्या दिराची, ज्यानं तिच्या अकरा वर्षांवर टाकीभर पाणी ओतलं होतं. तिनं हा हिशेब बराच वेळ मनात फिरवला, आणि त्यात तिला सुखही झालं. का होऊ नये?

रविवारी ती आयुष्यात पहिल्यांदा त्या मैदानावर गेली, हातात टोकाशी वाकवलेली एक बारीक तार घेऊन. भरधावच्या गाडीभोवती गर्दी होती. म्हातारा तपासनीस आत वाकला होता. त्यानं कमान ठोकली, दांडे ठोकले, माशाच्या तोंडांवरून अंगठा फिरवला आणि असं काम आपण इथं बघितलेलं नाही असं म्हणाला. भरधाव छाती काढून उभा होता, जणू कानस त्यानंच घासली. तपासनीसानं सहीसाठी कागद गुडघ्यावर घेतला.

"थांबा," ग्रिलवाली म्हणाली. "ही तार घ्या. डावीकडच्या सांध्यावरून छताच्या फटीतून फिरवा. मग उजवीकडे फिरवा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तार घेतली. डावीकडे तार वेल्डच्या उंचवट्यावर अडखळली. उजवीकडे सरळ गेली आणि दोन पाइपांच्या मधल्या रेघेत टोक रुतलं. दुसऱ्या सांध्यावरही तेच. त्यानं पुन्हा फिरवून पाहिलं, मग बाहेर आला.

"पिंजरा कोणी बनवला?"

"मी."

"आणि तुम्हीच नापास करताय?"

"हो. पण पाय कोणी जोडले तेही लिहा."

म्हाताऱ्यानं कागद तिच्यासमोर धरला. बनवणाऱ्याच्या नावाला एकच ओळ होती. त्यानं त्या ओळीत तिचं नाव लिहिलं, खाली 'नापास' लिहिलं आणि सही केली.

भरधावनं आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. "बघा," तो म्हणाला, "मी काय म्हणत होतो? हात कच्चा आहे, आता स्वतःच्या तोंडानं कबूल झाल्या." लोक हसले. त्यांतल्या दोघांनी तर तिच्याकडे खिडक्या करायला टाकल्या होत्या. तिथं बोलून जुळणारं काही उरलं नव्हतं. तिनं तपासनीसाकडून तार परत घेतली आणि बस पकडून घरी आली. खिडक्यांचं काम त्या आठवड्यातच निरोप पाठवून काढून घेतलं गेलं.

भरधावनं गाडी दुसऱ्या पेठेतल्या एका नामांकित वेल्डरकडे नेली. त्यानं वरचे सांधे पाहिले, दाढी खाजवली, गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि तळाला पुन्हा चार भोकं पाडली. भरधाव तिथं उभा राहून चहा पीत होता. त्यानं ते पाहिलं, चहा संपवला आणि घरी येऊन याबद्दल कोणाला अवाक्षर सांगितलं नाही. पुढच्या हंगामात तो शर्यतीत उतरला, दोनदा उलटला, दोन्ही वेळा धुळीनं माखून हसत बाहेर आला. सासूबाईंनी नव्या वेल्डरला घरी बोलावून त्याचे आभार मानले. सुनेला त्या दिवशी कपबशा विसळायला सांगितल्या होत्या. तिनं विसळल्या नाहीत, शेडमध्ये जाऊन ग्राइंडर लावला आणि पाहुणा उठेपर्यंत बंद केला नाही. वहिनी-दीर आजही एकमेकांना 'अहो' म्हणतात, तेही दुसऱ्याच्या मार्फत.

गल्ली म्हणते, तिनं दिराला मारायला पिंजरा कच्चा ठेवला आणि मैदानावर ऐनवेळी घाबरून कबुली दिली. खरी गोष्ट एवढीच आहे: चारपैकी उजवीकडचे दोन सांधे अर्धे होते, कारण ते पुरे व्हायच्या आत दिरानं पिंजरा वर दाबून त्याचे पाय जोडून टाकले होते.