शेंदराखालचा चेहरा

परवा तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला आणि मी केजजवळच्या आमच्या गावी पोचले. गावात पहिला एसटीडी बूथ आला, त्या वर्षी पारावरच्या मारुतीचं शेंदराचं जाड कवच गळून पडलं. आतून काळ्या दगडाचा कोवळा, हसरा चेहरा निघाला.

माझे अण्णा चित्रकलेचे मास्तर. देव मानत नसत, सुंदर ते मानत. ते कितीतरी वेळ त्या चेहऱ्यासमोर बसून राहिले. मग म्हणाले, "असंच राहू द्या. लई देखणं हाय."

माणसं तर पुन्हा लेप द्यायला शेंदूर घेऊन जमली होती. दर शनिवारी मारुतीला जाणारी आई हळूच म्हणाली, "देवाला उघडं कसं ठेवायचं? तुमी डोळे भरून बघून घ्या. मग लेपू."

ऊन उतरेपर्यंत सगळे थांबले. शेवटी अण्णांनीच शेंदूर कालवला आणि झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा बोटांनी हलकेच तो चेहरा झाकला.

घरी येताना मी विचारलं, "अण्णा, आता तो दिसणार न्हाई ना?"

"न्हाई. पण आत हाय की."

पुढं चालणारी आई थांबली आणि त्यांच्या बरोबरीनं चालू लागली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आज वाटतं, आई इतकी वर्षं ज्याला श्रद्धा म्हणत होती, तेच अण्णा बोलले होते.