खुर्चीवरची पुस्तकं

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी रद्दीवाल्याने आमच्या बिबवेवाडीच्या वाचनालयातल्या सहा कपाटं पुस्तकांची नऊ हजार रुपये किंमत केली. हजर होते अध्यक्ष, खजिनदार म्हणून मी, आणि कोणी न बोलावलेल्या ग्रंथपालबाई. रद्दीवाल्याने एक पुस्तक हातावर तोलून पाहिलं. बाई म्हणाल्या, "अहो, आपण सभासद आहात का? नाही ना? मग ठेवा ते खाली."

बाई सगळ्यांशी अशाच वागत. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी आधी वर्गणीचा अर्ज दिला होता. तो अजून सभासद आहे.

आकडे मात्र अध्यक्षांच्या बाजूने होते. लोक फोनवर वाचू लागले होते. महिन्याला जेमतेम तीस पुस्तकं बाहेर जात. उलट अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं एका खुर्चीला महिना हजार रुपये देत. कपाटं काढली की वीस खुर्च्या वाढणार होत्या. वाचक वाढवून दाखवायला बाईंना दिवाळीपर्यंत मुदत मिळाली.

खुर्च्या कोणाला नेमून दिलेल्या नव्हत्या. मुलं चहाला जाताना रुमाल टाकून खुर्ची धरत आणि त्यावरून भांडत. बाईंनी पाटी लावली : 'खुर्ची फक्त वाचनालयाच्या पुस्तकाने धरता येईल. रुमाल जप्त होतील.' महिन्याभरात चारशे पुस्तकांची नोंद झाली. मुलं जाड पुस्तकं मागत, कारण ती लांबून दिसतात. "हे न्या. फार विनोदी आहे," बाई म्हणत, "पण तुम्ही उघडणार नाही, तेव्हा अभ्यासाला धोका नाही."

दिवाळीआधीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची पुस्तकं खुर्च्या वाचतायत. एखादा माणूस दाखवा."

तेवढ्यात विश्रांतवाडीहून येणारा सागर तक्रार घेऊन आत आला. त्याच्या खुर्चीवर दुसराच बसला होता.

"पुस्तक ठेवलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

"घरी नेलं होतं, मॅडम. शंभर पानं राहिली होती."

"खुर्चीची पुस्तकं घरी न्यायची नाहीत. दोन रुपये दंड. आणि खुर्ची गेली."

"जाऊ दे," सागर म्हणाला. "याचा दुसरा भाग आहे का?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. चार कपाटं ठेवायची आणि दोन बाईंनी निवडून काढायची, असं ठरलं. बाई निवडता निवडता निवृत्त झाल्या. सहाही कपाटं अजून तिथेच आहेत.

दंड मात्र त्याच दिवशी वसूल झाला. सागरकडे सुटे नव्हते आणि वाचनालयात फोनवरून पैसे घ्यायची सोय नव्हती. त्याने दोन रुपये बाईंच्या खात्यात पाठवले. बाईंनी पर्समधून दोन रुपयांचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं, आणि मी सागरच्या नावाने पावती फाडली.