अलका चौकातल्या सिस्टर

चौकात आल्या की सिस्टर आधी चपला काढायच्या. दोन्ही जुळवून भिंतीशी ठेवायच्या, पदर खोचायच्या आणि अनवाणी फुटपाथवर उभ्या राहायच्या. अलका चौकातला फुटपाथ कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "इथे काय देऊळ आहे का, सिस्टर?" तर म्हणाल्या, "मयताला आलोय ना आपण? मग चपला कशाला?"

संध्याकाळी त्या बाजूने गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. दहा-पंधरा माणसं, हातात 'युद्ध नको' लिहिलेले पुठ्ठे. सिग्नल लागला की दुचाकीवाले ते वाचायचे, सुटला की निघून जायचे. त्या माणसांच्या अगदी टोकाला एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी असायची. पुठ्ठा त्या घ्यायच्या नाहीत. "घोषणा तुम्ही द्या. मी नुसती उभी राहते," एवढंच म्हणायच्या.

मी त्यांचा शेजारी. धनकवडीतल्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. मी वीज मंडळातून निवृत्त झालो, त्या एका सरकारी प्रसूतिगृहातून. जन्मभर बाळंतपणं केलेली बाई. त्यामुळे अर्धं पुणं आपल्या हातून जगात आलं, असा त्यांचा समज होता. भाजीवाला असो की बँकेतला साहेब, जरा वेळ निरखून म्हणायच्या, "हा माझ्या हातचा असणार." एकदा स्वारगेटला पोलिसाने माझी स्कूटर अडवली. सिस्टर मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तुझी आई कसब्यातली का रे? कान ओळखीचे वाटतात." त्याची आई खरंच कसबा पेठेतली निघाली. पावती फाडायचं तो विसरून गेला.

त्यांचे यजमान लवकर गेले होते. मुलगा एकच, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सुट्टीवर आला की आईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचा नाही, स्वतः पोहे करायचा आणि आमच्याकडेही ताटली पाठवायचा. पोह्यांत मीठ हमखास कमी असायचं. "बोटीवर खारं पाणी पिऊन कंटाळतो ना," असं सिस्टर त्याच्यादेखत म्हणायच्या आणि तो हसायचा.

दूरच्या दोन देशांचं युद्ध चाललं होतं. त्यातल्या एका देशाच्या बंदरात त्याचं जहाज उभं होतं. एक क्षेपणास्त्र नेमकं इंजिनाच्या खोलीवर येऊन पडलं. बातमी आम्ही टीव्हीवर पाहिली तेव्हा त्यात जहाजाचं नाव होतं, माणसांची नव्हती. सिस्टरना जहाजाचं नाव पुरेसं होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी पेटी आली. उघडू नका, असं सांगण्यात आलं होतं. जन्मभर रक्तामांसात काम केलेल्या त्या बाईने ती उघडायला लावली नाही. झाकणावर हात ठेवून बसून राहिल्या. मध्येच एकदा हात थोडा खाली सरकवला, चेहरा इथे असेल असा अंदाज घेतल्यासारखा.

तो सैनिक नव्हता, त्यामुळे बिगूल नाही, फुलांची गाडी नाही, चौकात फलक नाही. सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले. माणूस वाईट नाही, पण काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे तो नक्की कोणाच्या बाजूने होता?"

 सिस्टर म्हणाल्या, "जहाजात गहू होता."

त्यानंतर वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. संध्याकाळी माझी बायको त्यांना आमच्याकडे चहाला बोलवायची. एकदा अशाच बसल्या असताना टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. आता दुसरंच युद्ध, दुसराच देश. एका रुग्णालयाची वीज गेली होती आणि काचेच्या पेट्यांतली अपुऱ्या दिवसांची बाळं बाहेर काढून एकाच पलंगावर ओळीने ठेवली होती. सिस्टर कप खाली ठेवून उठल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, झाका ना त्यांना कोणीतरी," त्या म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, आयांना सांगतात तसा. "गार पडतील."

माझ्या बायकोने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून त्यांनी मला विचारलं, "अलका चौकात ते लोक पुठ्ठे घेऊन उभे राहतात, तिथे कोणालाही जाता येतं का? की सभासद व्हावं लागतं?"

मी चौकशी केली. सभासद व्हावं लागत नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो आणि पुढे नेतच राहिलो. सुरुवातीला मी पलीकडे स्कूटरपाशी थांबायचो. हळूहळू त्यांच्याशेजारी थांबू लागलो. का, ते मला नीट सांगता येत नाही.

त्यांना मात्र सांगता आलं होतं. एका वाहिनीची मुलगी माइक घेऊन आली होती. तिने विचारलं, "आजी, तुम्ही इथे उभ्या राहिल्याने युद्ध थांबेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी गोंधळली. "मग कशासाठी येता?"

"माझा मुलगा गेला तेव्हा लोक घरी येऊन बसले. त्याने तो परत आला नाही. पण कोणीच आलं नसतं, तर मला काय वाटलं असतं?" मग त्या म्हणाल्या, "तिकडच्या बायांच्या घरी मला जाता येत नाही. म्हणून इथे येते."

ते काही त्या वाहिनीवर दाखवलं नाही. आम्ही वाट बघून झोपलो.

मग युद्ध आपल्याच सीमेवर येऊन ठेपलं. एका संध्याकाळी सराव म्हणून दिवे घालवायला सांगितले. सोसायटीच्या ग्रुपवर माणसं अशी भाषा बोलू लागली की एरवी तीच माणसं मांजर आडवं गेलं तरी ब्रेक दाबतात यावर विश्वास बसला नसता. सेक्रेटरी सिस्टरना भेटायला आले.

"परदेशातल्या लढायांचं ठीक होतं, सिस्टर. आता घरचा प्रश्न आहे. माझा जावई सीमेवर आहे."

"माहीत आहे. म्हणून तर जाते. तो धड परत यायला हवा."

"लोक ऐकून घेणार नाहीत."

"मी बोलतच नाही. त्यांनी ऐकायचं काय?"

त्या दिवशी चौकात आम्ही मोजकेच होतो. काही तरुण पोरं झेंडे घेऊन आली. आधी शिव्या झाल्या, मग पुठ्ठे ओढले, मग ढकलाढकली. टोकाला उभ्या असलेल्या सिस्टरना कोणाचा तरी धक्का लागला आणि त्या फुटपाथच्या कडेवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ढकलणारा पोरगा घाबरून तिथेच थिजला होता. पोलिसाने त्याला धरलं, तेव्हा आडव्या पडलेल्या सिस्टर त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "सोडा त्याला. माझ्या हातचा असेल."

ऑपरेशन झालं, पण त्या वयात हाड जुळायला माणसाकडे दम लागतो. तो त्यांच्याकडे उरला नव्हता. फुफ्फुसात पाणी भरलं. सेक्रेटरी रोज यायचे. पलंगाशी बसून मोसंबं सोलायचे, फोडींवरचे पांढरे धागे एकेक करून काढायचे. पश्चात्ताप वगैरे काही बोलले नाहीत. लढाई थांबली त्या दिवशी म्हणाले, "जावयाचा फोन आला होता. सुखरूप आहे."

सिस्टरनी डोळे मिटले. "मुलीला सांगा, आता पोटभर जेव म्हणावं. इतके दिवस जेवली नसेल."

सेक्रेटरींना पुढची फोड सोलता येईना. उठून खिडकीपाशी गेले.

सिस्टर गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी एकटाच त्यांच्यापाशी होतो. त्यांची शुद्ध येत-जात होती. खालच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता. जिन्याचं दार कोणीतरी उघडं ठेवलं असावं, कारण एकदम नव्या बाळाचं रडणं वर आलं. चांगलं खणखणीत. सिस्टरनी डोळे उघडले आणि मान किंचित त्या बाजूला वळवली.

"कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सिस्टर. विचारून येऊ का?"

त्यांनी नको अशी मान हलवली. थोडा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

"कोणाचं का असेना," त्या म्हणाल्या. "रडतंय ना? मग ठीक आहे."