न लिहिलेल्या पुस्तकाची उपकारस्तुती

माझ्या पहिल्या पुस्तकाची उपकारस्तुती कामोठ्यात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मोठ्या थाटात पार पडली. दीडशे माणसं मटण बिर्याणी खाऊन गेली. पुस्तक तेवढं लिहायचं राहिलं होतं.

ज्यांना आम्हा ख्रिस्ती लोकांची ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे काही चांगलं घडलं की माणूस उपकारस्तुती ठेवतो. नोकरी लागली, रिक्षा घेतली, मुतखडा पडला (हो, मुतखड्याचीही जेवले आहे, गुलाबजाम होते!), की मांडव घालायचा, चर्चच्या पाळकसाहेबांना बोलवायचं, चार गाणी म्हणायची, देवाचे आभार मानायचे आणि लोकांना पोटभर वाढायचं. क्रम साधा आहे. आधी खडा पडतो, मग गुलाबजाम. खडा आत आणि गुलाबजाम बाहेर, असं कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. तो मान माझ्या आईने मिळवला.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.ए., मराठी. हे मी कोणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर लगेच सांगते. आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यात चौथीपर्यंत शिकली. पप्पा रसायनीला एका कारखान्यात फिटर होते. त्यामुळे एका ख्रिस्ती मासिकात माझ्या चार-पाच गोष्टी छापून आल्या, तेव्हा घरात जणू बेथलेहेमनंतरचा दुसरा तारा उगवला. त्याचबरोबर मला एक फार मोठा शोध लागला : "मी पुस्तक लिहितेय" असं म्हटलं की कोणी भांडी घासायला सांगत नाही!

मग काय! नाताळच्या करंज्या लाटायला चला... पुस्तक लिहितेय. महिला मंडळाला चल... पुस्तक लिहितेय. पुण्याहून मुलाकडचे तुला बघायला येतायत... आई, पुस्तक! विषयही ठरलेला होता. आईचे वडील गावच्या चर्चची घंटा ओढायचे. घड्याळ नव्हतं, म्हणून ते स्वतःला भूक लागली की बाराची घंटा द्यायचे, आणि सगळं गाव त्यांच्या पोटावर चालायचं. अशा माणसावर पुस्तक नको का? तीन वर्षं मी ते "लिहीत" होते. झाली होती नऊ पानं. त्यातली दोन मनोगताची, एक अर्पणपत्रिकेचं आणि दोन "ज्यांच्या मदतीशिवाय हे पुस्तक पूर्ण झालं नसतं" त्यांच्या आभाराची.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात राहेल आत्याच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला.

राहेल आत्या म्हणजे पप्पांची बहीण. राहते करंजाडेला, बोलते मात्र टोरोंटोतून. तिने व्हिसाची उपकारस्तुती ठेवली, त्यात आइस्क्रीमचे तीन प्रकार ठेवले, आणि वाढता वाढता आईला म्हणाली, "वहिनी, ॲक्च्युअली तुमच्याकडे पण काहीतरी व्हायला पाहिजे हो. किती वर्षं झाली तुमच्याकडे जेवून!"

आईने मुकाट्याने पिस्त्याचं आइस्क्रीम खाल्लं. आई मुकाट्याने खाते तेव्हा घरातल्यांनी सावध राहावं, पण आम्ही सगळे दुसऱ्या वाटीत गुंतलो होतो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायच्या वेळी, आई उठली. पदर सावरला. मी समोर क्वायरमध्ये उभी.

"प्रभूची स्तुती असो! माझ्या शलूचं पुस्तक पुरं झाल्याबद्दल मी इस्वासानं देवाचे आभार मानते. फुडच्या म्हयन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्याकडं उपकारस्तुती हाय. समद्यांनी यायचं. मटण हाय!"

अख्ख्या चर्चने "आमेन" म्हटलं. मटणाला जरा जोरातच. माझा वरचा सा तोंडातच राहिला.

घरी येताना रिक्षात मी किंचाळले. "आई! कुठलं पुस्तक? कुठं पुरं झालंय?"

"म्या इस्वासानं म्हणलं."

"अगं, पण आभार नंतर मानतात!"

"त्यो इस्वास न्हाय, ती पावती झाली. बायबलात देवानं त्या म्हाताऱ्या नवरा-बायकूला पोरगं दीन म्हणून आधीच सांगितलं हुतं का न्हाय?"

"त्यांना पंचवीस वर्षं थांबावं लागलं, आई!"

"तुला पाच आठवडं हायती," आई म्हणाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "डावीकडं घे रं, बाबा."

मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा खारघरच्या डोंगराकडे पाहत होते. लग्नानंतरची बरीच वर्षं ते तिकडेच पाहत आलेत.

आता प्रश्न माझ्या अब्रूचा असता तर मी सरळ तापाने आजारी पडले असते. मला ते चांगलं जमतं. पण उठून बोलली होती आई. पुस्तक नाही निघालं तर करंजाडेपासून कामोठ्यापर्यंत आईचे वाभाडे निघणार होते, आणि तेही आत्याच्या तोंडून. म्हणून त्या रात्री मी खरोखर लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं. परत तेच लिहिलं. झोपले.

आठवडाभरात बातमी चर्चच्या मंडळीत पसरली की शलोमीला शेवटचा भाग सुचत नाही. (पहिलाही सुचत नव्हता, पण लोकांनी माझी लाज राखली.) झालं! महिला मंडळ मध्यस्थीच्या प्रार्थनेला घरी आलं. दहा-बारा बायका माझ्या टेबलाभोवती डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि मी मधे लॅपटॉपसमोर बसले.

"प्रभू, हिची बोटं चालव!"

"हिच्या डोक्यातलं कुलूप तोड, बापा!"

"आणि ह्या लॅपटॉपला स्पर्श कर!" असं म्हणून पाळकीणबाईंनी पर्समधून बाटली काढली. जैतुनाचं तेल, थेट पवित्र भूमीच्या सहलीतून आणलेलं. त्यांनी फक्त एक थेंब लावला. खोटं का बोलू? पण राहेल आत्याही आलेली होती.

"एवढ्याशाने काय होतंय?" आत्या म्हणाली आणि बाटली उपडी केली.

स्क्रीन एकदम पांढरीशुभ्र झाली. "तेज! तेज!" कोणीतरी ओरडलं. मग ती काळी झाली. "आमेन," सगळ्या म्हणाल्या आणि चहाला बसल्या.

संध्याकाळी पप्पा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. "सरक. रसायनीत मी एवढाले पंप उघडलेत, हे तर खेळणं आहे." त्यांनी लॅपटॉप उघडला, पुसला, साबणाच्या पाण्याने (हो!) एक भाग धुतला, दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवला आणि परत जोडला. शेवटी हातात चार स्क्रू उरले.

"हे?"

"कंपनीवाले जास्तीचे देतात," पप्पा म्हणाले.

लॅपटॉप पुन्हा कधीच चालू झाला नाही. आणि मी? मी आतून नाचत होते! सुटले! नऊ पानं माझ्या मेलमध्ये सुखरूप होती, पण हे सांगायची घाई काय होती? मी चेहरा पाडला, डोळ्यांत पाणी आणलं आणि आईपुढे जाऊन म्हणाले, "आई, सगळं गेलं गं. अख्खं पुस्तक गेलं. आता कार्यक्रम रद्दच करावा लागेल."

आई उठून उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते.

"सैतान!" ती म्हणाली.

"काय?"

"आगं, सैतानाचा हल्ला हाय ह्यो! म्हंजी पुस्तक किती भारी आसंल! ऐकलंत का, बिर्याणी पन्नास माणसांची वाढवा!"

त्यानंतर आमच्या घरी रांग लागली. सैतान ज्याला घाबरतो असं पुस्तक पनवेल तालुक्यात पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं. जो तो सांत्वनाला येई, पाणी पिई आणि हळूच विचारी, "त्यात आमचं काही होतं का गं?"

नाही कसं म्हणणार? "होतं ना!" मी म्हणे. आणि मग काय होतं तेही सांगावं लागे. मला स्वतःलाच कळेना, कुठून सुचत होतं! पाळकसाहेबांना मी एक पूर्ण प्रकरण दिलं. म्हात्रेकाकांना (हे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे, ख्रिस्ती नाहीत, पण बिर्याणीच्या बाबतीत सर्व धर्म मानतात) पुरातून एक म्हैस वाचवायला लावली. राहेल आत्या आली तेव्हा तर मी सुटलेच! आत्याने लहानपणी स्वतःची भाकर भावाला देऊन उपाशीपोटी शाळा कशी केली, असा प्रसंग मी इतका रंगवला की आत्या हुंदके द्यायला लागली. पप्पा आतून बाहेर आले आणि म्हणाले, "माझी भाकर ही खायची." पण त्यांचं कोण ऐकतं!

शनिवार उजाडला. पार्किंगमध्ये मांडव, खुर्च्या, पांढरं कापड घातलेलं रिकामं टेबल. माझ्या भावाने, सायमनने, फाटकावर फ्लेक्स लावला होता. त्यात मी पदवीदानाच्या काळ्या झग्यात, शेजारी कबूतर, आणि खाली ठळक अक्षरांत : "भावी लेखिका कु. शलोमी, बी.ए."

"भावी?" मी सायमनचा कान धरला.

"अगं दीदी, फ्लेक्सवाल्याने सवयीने टाकलं. त्याच्याकडे सगळे भावीच असतात. नगरसेवक, आमदार..."

साऱ्या पंचक्रोशीत खरं बोलणारा तेवढा एक फ्लेक्सवालाच निघाला.

गाणी झाली. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी त्या रिकाम्या टेबलाकडे हात केला. "बंधुभगिनींनो, विश्वास म्हणजे काय? दिसत नाही त्याची खात्री! या टेबलावर काही दिसतं का? नाही! पण खात्री आहे का?"

"आहे!" दीडशे माणसं गरजली. बिर्याणीचा वास सुटला होता. त्यांना खात्री असणारच.

"आता भगिनी शलोमी दोन शब्द बोलतील."

मी उठले. पहिल्या रांगेत आई बसली होती. लग्नातली साडी, मांडीवर घट्ट धरलेले हात. वर्षानुवर्षं लोकांच्या उपकारस्तुतीत ती मागच्या रांगेत बसून, मागून भांडी आवरून आली होती. तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याच्याने पुढे रेटवेना. म्हटलं, जे व्हायचं ते होवो.

"मला एक खरं सांगायचंय," मी माइकमध्ये म्हणाले. "पुस्तक सैतानाने नाही खाल्लं. मी ते लिहिलेलंच नाही. फक्त नऊ पानं आहेत. त्यातलीही निम्मी मनोगत आणि आभाराची!"

पाळकसाहेबांनी पाळकीणबाईंकडे पाहिलं.

मग मागून राहेल आत्या म्हणाली, "बघा, बघा! धक्का बसलाय बिचारीला!"

"सैतान हेच वदवून घेतो!" पाळकसाहेबांनी माइक माझ्या हातून काढून घेतला. "आपण सगळे उभे राहून हिच्यासाठी प्रार्थना करू या!"

"मी खरं बोलतेय!"

"हो बेटा, हो," पाळकीणबाई माझ्या डोक्यावर हात ठेवत म्हणाल्या आणि दुसरा हात पर्सकडे नेला. मी ताबडतोब गप्प बसले.

म्हात्रेकाका तेवढे मला समजावायला पुढे आले. "टेन्शन नको घेऊ, पोरी. आमच्या गावच्या रस्त्याचं उद्घाटन दोनदा झालंय. रस्ता अजून नाय. आमी काय बोललो का?" आणि ते प्लेट घ्यायला गेले.

सगळे गेल्यावर आई पातेलं खरवडत होती. मी शेजारी बसले. "आई, मी खरंच सांगत होते गं. पुस्तक नाहीये."

"म्हाईत हाय."

"म्हणजे?"

"आगं, तीन वर्सं तुझ्या खोलीत झाडू म्याच मारते. टेबलावरची धूळ हालली न्हाय कंदी. लिव्हणाऱ्याच्या टेबलावर धूळ बसंल का?"

"मग हे सगळं कशाला केलंस?"

"नुसतं 'लिव्ह' म्हणलं आसतं तर तू लिव्हलं आसतंस? आता दीडशे मान्सं जेवून गेल्याती. आता रस्त्यात जो भेटंल त्यो इचारंल." आईने करपलेला भात माझ्या ताटात वाढला. "माज्या बापाचं नाव छापल्यालं बघायचंय मला. डोळं हायती तवर. खा, आन् बस लिव्हायला."

तिने सांगितलं तसंच झालं. भाजीवाली विचारी, केमिस्ट विचारी, म्हात्रेकाका लिफ्टमध्ये विचारत, "म्हैस परत लिवली का?" घराबाहेर पडायच्या भीतीने मी वर्षभर लिहिलं. पुस्तक झालं. छापलं. पहिली प्रत आईला दिली. तिने बोट लावून लावून बापाचं नाव वाचलं, पुस्तक उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस कोणाशी भांडली नाही.

मी म्हटलं, आता प्रकाशन समारंभ करू! सगळ्यांना बोलावलं. आले अकरा जण, त्यात घरचे चार. बाकीच्यांचं म्हणणं एकच : "झाला ना कार्यक्रम मागे? मग परत कसला?" आईसुद्धा म्हणाली, "येका मान्साचा बाप्तिस्मा दोनदा करत्यात व्हय?"

राहेल आत्या मात्र प्रत घेऊन गेली. आठवड्याने फोन आला.

"वाचलं गं, शलू. बरं जमलंय. पण माझ्यावर दोनच ओळी?"

"आत्या, पुस्तक आजोबांवर आहे ना..."

"तसं नाही गं." आत्याने उसासा टाकला. "ॲक्च्युअली, तुझं ते पहिलं पुस्तक जास्त चांगलं होतं."

मी वाद घातला नाही. माझंही तेच मत आहे.