मित्रासाठी नितळ केलेली बिअर

कॅनडात सस्काटूनला बेसमेंटमध्ये राहायचो तेव्हा मला आठवड्यातून एकदाच मराठी बोलायला मिळायचं. रविवारी सकाळी टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कहून मित्राचा फोन यायचा, तेव्हा. पुण्याच्या हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली होती. तो टोरांटोत सॉफ्टवेअरमध्ये स्थिरावला, बायको-मुलगी, सगळं मार्गी लागलेलं. मला खाणींची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि मी एकटाच इथे येऊन पडलो. ऑफिसात दिवसभर इंग्रजी, घरी कुणीच नाही. कधीकधी कुकर लावताना मी मोठ्यानं काहीतरी बोलायचो, नुसता आवाज ऐकायला.

दुसऱ्या हिवाळ्यात मी घरी बिअर करायला लागलो. पिण्याची फार हौस नव्हती. पण बादली आंबायला लागली की झाकणावरच्या नळीतून बुडबुड आवाज येत राहायचा आणि कामावरून आल्यावर घर अगदीच मुकं वाटायचं नाही. चव बरी जमायची, फक्त बिअर गढूळ व्हायची.

"ताकासारखी दिसते रे," मी मित्राला फोनवर सांगितलं.

"मग जिरं-मीठ घालून पी," तो हसला. मग म्हणाला, "ऐक, पुढच्या महिन्यात कंपनी मला तुमच्या युनिव्हर्सिटीत पाठवतेय. दोन दिवस. तुझ्याकडेच उतरतो. ते ताक पाजशील ना?"

त्याच दुपारी मी नवी बादली लावली. या वेळी ती गढूळ राहून चालणार नव्हती.

वर घरमालकीण राहायची. शेत विकून शहरात आलेली, सत्तरीच्या पुढची विधवा. तिला विचारलं तर म्हणाली, "माझा नवरा जिलेटिन घालायचा." कपाटातून तिनं एक पाकीट काढून दिलं. त्यावर फळं घातलेल्या जेलीचं चित्र होतं. आंबणं थांबल्यावर बादली आम्ही तिच्या कोल्ड रूममध्ये, बटाट्यांच्या पोत्याशेजारी नेऊन ठेवली. बिअर गारठल्यावर अर्धा चमचा पूड पाण्यात भिजवून मंद आचेवर विरघळवली. "उकळू देऊ नको, वाया जाईल," ती मागे उभी राहून सांगत होती. ते पाणी बिअरमध्ये ओतून झाकण लावलं. दोन दिवसांत सगळा गाळ तळाशी बसला. वरची बिअर पेल्यात काढली आणि पेल्यामागे वर्तमानपत्र धरलं, तर अक्षरं वाचता आली. घरमालकिणीनं पेला हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "बाटल्या भरल्यास की एक माझी."

मित्र आला. विमानतळावरून येताना आम्ही ग्रोसरीला थांबलो. कढी करायची म्हणून मी दह्याचा डबा उचलला. त्यानं तो माझ्या हातून घेतला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि परत ठेवला.

"हे नको. यात जिलेटिन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जनावरांची हाडं-कातडी. लेकीच्या खाऊच्या गोळ्यासुद्धा मी वाचूनच घेतो."

तो शाकाहारी होता हे मला पक्कं माहीत होतं. मेसमध्ये शेजारी कुणी ऑम्लेट घेतलं तरी तो ताट उचलून दुसरीकडे जायचा. जिलेटिन कशाचं असतं, ते मात्र मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं. गाडीत सांगू म्हटलं. पण तो हॉस्टेलच्या आठवणी काढत होता आणि त्याच्या तोंडून ती मराठी इतकी भराभर, इतकी आपली येत होती, की मला त्याला थांबवावंसं वाटेना.

घरी आल्या आल्या म्हणाला, "कुठंय तुझं ताक?"

बिघडली म्हणून सांगता आलं असतं. मी ओतली. त्यानं पेला खिडकीसमोर धरला.

"च्यायला! ही तू केलीस?"

दोन पेले प्यायला. संध्याकाळभर आम्ही बोललो. किती दिवसांनी मी इतका हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, युनिव्हर्सिटीतून येऊन बॅग भरताना त्यानं दोन बाटल्याही आत ठेवल्या. म्हणाला, "या घेऊन जातो. ऑफिसातल्यांना दाखवतो."

तेव्हा मी सांगितलं.

तो खाली बसला. "तुला काल माहीत होतं?"

"दुकानात कळलं. तू दही परत ठेवलंस तेव्हा."

"मग ओतलीस कशाला?"

"तू आला होतास," मी म्हणालो. "दोन वर्षांत इथे माझ्याकडे कुणी आलं नव्हतं रे."

त्यानं बाटल्या बॅगेतून काढून टेबलावर ठेवल्या. आवाज चढवला नाही. "सांगितलं असतंस तर मी पाणी पीत बसलो असतो. तरी कालच्याइतकंच बोललो असतो तुझ्याशी."

विमानतळावर सोडतो म्हटलं, तर त्यानं टॅक्सी बोलावली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शरमेनं मीही केला नाही. घरमालकिणीनं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग वाट कसली बघतोयस?"

चौथ्या रविवारी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. "लेकीला स्विमिंगला घेऊन गेलेत. सांगते त्यांना." संध्याकाळी त्याचा फोन आला. पाच मिनिटं बोलला. बर्फ किती पडला, विंटर टायर्स बसवले का. त्या दुपारचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. नंतर फोन यायचे, पण महिन्या-दोन महिन्यांनी.

उरलेल्या बाटल्या घरमालकीण आणि मी त्या हिवाळ्यात संपवल्या. पुढे मी जिलेटिन घातलं नाही. कोल्ड रूममध्ये बादली पाच-सहा आठवडे तशीच ठेवली की बिअर बरीचशी आपोआप नितळते. वेळ माझ्याकडे भरपूर होता.

तो सस्काटूनला पुन्हा आला नाही. मीच एकदा कामानिमित्त टोरांटोला गेलो आणि त्याच्याकडे जेवलो. त्याच्या बायकोनं आग्रह करकरून वाढलं. तो समोर बसला होता आणि जेवण होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलत राहिलो.