साल जळाली, झाड नाही

कोणतंही झाड माझ्या मित्राच्या वडिलांना दाखवल्याशिवाय मेलं असं मानायचं नाही, असा निदान माझ्यापुरता तरी दोंडाईच्यात कायदा आहे. या चाचांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं. उभं असो की आडवं, लाकडावर बोटाची गाठ वाजवल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. लग्नाला गेले की आधी स्टेज ठोकणार, मग नवरदेवाला भेटणार. पोरासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा पाहुण्यांच्या कपाटावर टकटक करून "साग नही, प्लायवूड शे," असं त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं होतं. ते स्थळ हातचं गेलं ते गेलंच. उजव्या अंगठ्याचं नखही त्यांनी मुद्दाम वाढवलेलं. रस्त्यात सुकलेली फांदी दिसली की साल खरवडून आत डोकवायचं आणि हिरवं दिसलं की ओळखीचं कुणी भेटल्यासारखं हसायचं.

मी गावाबाहेरच्या एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. शाळेमागे खडकाळ माळ, त्यावर पळस, मोह, चार-दोन अंजन. होळी उलटून गेल्यावर एका दुपारी मी पाचोळा गोळा केला आणि दरवर्षीप्रमाणे काडी लावली. वारा फिरला. वाळलेलं गवत धडाधड पेटलं आणि तासाभरात अख्खा माळ काळा झाला. सगळे म्हणाले, कुणीतरी बिडी टाकली असणार. मीही मान डोलावली. आयुष्यात इतकी हलकट मान मी दुसऱ्यांदा डोलावलेली नाही.

संस्थेच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवलं, सोमवारी जेसीबी बोलवायचा, मेलेली झाडं काढायची, माळ सपाट करायचा आणि नवी रोपं लावायची. मला ते पसंतच पडलं, कारण झाडांबरोबर माझं पापही मातीआड जाणार होतं. रविवारी सकाळी चाचा पटाशी घेऊन हजर झाले. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "मास्तर, तुन्ही भुवई जयनी." मी कपाळावर हात नेला. डावी भुवई अर्धीच राहिली होती आणि चार दिवसांत एकानेही विचारलं नव्हतं. "तीबी परत फुटस," एवढंच म्हणून ते माळावर चालू लागले.

एका काळ्याठिक्कर मोहाला त्यांनी पटाशी लावली. वर कोळसा, खाली बोटभर जाड कोरडी साल आणि तिच्या आत ओला, हिरवट पदर. "साल जयनी, झाड नही." मग वीतभर उंचीची पळसाची जळकी काडी निवडून तिच्या बाजूची माती उकरायला लागले. मी म्हटलं, चाचा, हे कालचं रोप, ते तर गेलंच. ते उकरत राहिले. काडीखाली माझ्या मनगटाएवढं मूळ निघालं, गाठीगाठींचं, आणि खाली आणखी जाड होत गेलेलं. दर उन्हाळ्यात वरचं जळत होतं, दरवेळी मूळ खालून नवी काडी वर धाडत होतं. आगीच्या हाताला लागणार नाही इतकं उंच होण्याची संधी मिळेपर्यंत ते असंच करणार होतं. "हाई तुन्हापेक्षा मोठं शे, मास्तर," चाचा म्हणाले आणि माती पुन्हा लोटून तळव्याने थोपटली. "एक महिना वाट देख. मंग आन तुन्हं जेसीबी."

महिना मागायचा तर कारण सांगावं लागणार होतं. संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी जाऊन मी सांगितलं, काडी मी लावली, झाडं मेलेली नाहीत, मला एक महिना द्या. त्यांनी माझ्या अर्ध्या भुवईकडे पाहिलं. म्हणाले, "एकच महिना, सर."

मी रोज बादल्या वाहायला लागलो. चाचा तिपाई टाकून सावली नसलेल्या झाडाखाली बसत आणि मला हसत. "तू पानी झाडले नही, तुन्हा जीवले घाली राहिना." खरंच होतं ते, पाणी मी झाडांना नव्हे, माझ्याच जिवाला घालत होतो. मग वैशाखाच्या उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, मोहाच्या काळ्या खोडातून तांबूस पानं फुटली. पळसाच्या काडीशेजारी तर तीन कोंब आले. दोन अंजन मात्र गेलेच. त्यांच्या लाकडाचं चाचांनी माझ्या ऑफिससाठी बाक केलं. मी अजून त्यावर बसलो की ताठ बसतो.

गेल्या थंडीत चाचांचं उजवं अंग गेलं. मुलगा त्यांना जळगावला घेऊन गेला. परवा भेटायला गेलो तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी डाव्या हाताने पलंगाची फळी वाजवली आणि तोंड वाकडं केलं, प्लायवूड होतं. नंतर आपला निर्जीव उजवा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. अंगठ्याचं ते नख कुणीतरी कापून टाकलं होतं.

"देख बरं मास्तर, हिरवं शे का?"

मी त्यांच्या सुरकुतल्या कातडीवरून हळूच नख फिरवलं. या माणसाने मला झाडं परत दिली होती आणि तोंड वर करून जगू दिलं होतं. म्हणालो, "एक महिना वाट देखूत, चाचा."

ते हसले. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं.